क्षेत्र, वास्तु आणि आमचं पार्किंग



गेल्या रविवारी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीची पुनर्विकासासाठी सभा झाली. चार वाजता सुरू झालेली सभा दिवस मावळून गेला तरी संपेना. आम्हा सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांचं त्या दिवशी जेवणच राहिलं, पण त्याचं काही नाही. वाईट याचं वाटलं की चारांतले तीन तास गाडी कुठे ठेवायची यावर गेले. चाळीस वर्षं एकमेकांच्या घरचं ताक पिणारे दोन शेजारी एकमेकांशी न बोलता जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर मी सासऱ्यांची जुनी फाइल काढली. बी.कॉम. झालेल्या बाईला कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात १९८१ सालच्या सभेचा एक ठराव सापडला : ‘स्कूटर जिन्याखाली ठेवावी, मुलांच्या खेळण्याच्या जागेत ठेवू नये.’ सोळा घरं आणि दोन स्कूटर. पार्किंगचा सगळा प्रश्न तेव्हा एका ओळीत मिटला होता.

मग हे एवढं वाढलं कसं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बोरीवली मुंबई महापालिकेत आली १९५७ साली. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा आला, आणि भाडेकरू असलेला मध्यमवर्ग सभासद झाला. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आला एफएसआय. सरकारी मराठीत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. जमिनीच्या किती पट बांधायचं, त्याची ही मर्यादा. १९९१ च्या नियमावलीत ती मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरात १ होती. म्हणजे आमच्याकडे हजार चौरस मीटर जमिनीवर हजार चौरस मीटरच बांधकाम.

पण त्याच नियमावलीत टीडीआर आला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जागा सोडणाऱ्या मालकाला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क कागदावर द्यायचा, आणि त्याने तो दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. हा हक्क शहरात वापरायला मनाई होती, म्हणून तो उपनगरांत आला. आमच्याकडच्या एकाचे दोन झाले. २०१२ मध्ये ३५ टक्के फंजिबल एफएसआयची सोय झाली. २०१८ पासूनच्या नियमांत मर्यादा रस्त्याच्या रुंदीवर ठरते : ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १, तर २७ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर २.५ पर्यंत. त्यावर ३५ टक्के धरले की हजाराचे ३३७५ चौरस मीटर होतात. नियमाने ठेवायचं पार्किंग यात मोजलं जात नाही, म्हणून आधी गाड्यांचे मजले आणि त्यांच्या वर माणसांचे.

पार्किंग कोणाचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तोही इथूनच, दहिसरच्या पांचाली सोसायटीतून. २०१० साली निकाल लागला की इमारतीखालची स्टिल्टची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामायिक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तरी आमच्या सभेत ‘माझं पार्किंग’ हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी.

आता आमचा हिशेब सांगते. सोळा घरांची मागणी आहे की प्रत्येकाला आताच्या जागेपेक्षा ४० टक्के जास्त जागा, तीही फुकट. नव्या इमारतीत छप्पन्न घरं होतील. वाणिज्याचा पहिला धडा हाच की एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याकडे जमा होत नाही. आमच्या फुकटच्या खोलीचा खर्च बाहेरच्या चाळीस घरांच्या विक्रीतून निघणार. ती चाळीस घरं आपल्या गाड्या घेऊन येणार, आणि गल्ली १९८१ साली होती तेवढीच राहणार. गाड्या वर चढवणाऱ्या यंत्राची वीज आणि दुरुस्ती दरमहा आमच्याच बिलात येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पेन्शनशिवाय एकट्या राहतात. त्यांनी ते कुठून भरायचं? २०१९ च्या शासनाच्या आदेशाप्रमाणे ५१ टक्के संमती पुरते. म्हणजे सोळांतली नऊ मतं त्यांचंही आयुष्य ठरवणार.

इमारत पाडू नका असं मी म्हणत नाही. स्लॅबच्या सळ्या दिसतात, पावसाळ्यात माझ्या देवघरात बादली ठेवावी लागते. नवं घर हवंच आहे. किती हवं, एवढाच माझा प्रश्न आहे.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्या यादीत सोनं, धन, धान्य नंतर येतं. सुरुवात होते ती क्षेत्र आणि वास्तु यांनी, म्हणजे जमीन आणि घर. लहानपणी सांगलीच्या पाठशाळेत हे पाठ केलं होतं, पण अर्थ साठी उलटल्यावर सभेत बसून कळला. निर्देशांक सरकार ठरवतं आणि दर काही वर्षांनी वाढवतं. आपलं परिमाण आपणच ठरवायचं असतं.

मुलगा फोनवर म्हणाला, “आई, गाडी नसली तरी पार्किंग सोडू नकोस, लाखांत जातं.” मी त्याला म्हटलं, “जे सामायिक आहे ते विकायचं कसं, ते तू मला सांग.” तो हसला, पण पुढे काही बोलला नाही.

काल मी समितीला पत्र दिलं. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक, पार्किंगच्या यादीत माझं नाव शेवटी लिहावं. दुसरी, जास्तीची जागा ४० ऐवजी २० टक्के मागावी आणि त्या बदल्यात घरं कमी बांधायला सांगावं. आत्तापर्यंत तिघांनी त्यावर सही केली आहे. पहिली सही वहिनींची.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. या वेळी सकाळी दहाला ठेवायला सांगितली आहे. येताना ताक मी करून नेणार आहे, दोन्ही शेजाऱ्यांसाठी एकाच भांड्यात.

जय जिनेंद्र.