बाबांची विलीज

माहेरच्या जीपवर २००५ च्या पावसात गोठ्याची भिंत कोसळली, तेव्हापासून ती तशीच पडून होती. गेल्या दिवाळीत गेले तर भाच्याने अंगणात तिचे सगळे भाग सुटे करून मांडलेले. वहिनीला रांगोळीला जागा नाही!

युद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली ही गाडी. बाबा शेवटपर्यंत तिला 'विलीज' म्हणत. भाच्याने मला एक बोल्ट दाखवला. गंज घासल्यावर त्याच्या डोक्यावर 'एफ' अक्षर दिसले. म्हणजे फोर्ड! अमेरिकन सैन्याला जीप इतक्या हव्या होत्या की १९४१ च्या अखेरीस विलीजच्याच नमुन्याची गाडी फोर्डलाही बनवायला दिली. दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप काढल्या. एकीचे भाग दुसरीला बसावेत ही अट होती, तरी फोर्डने बोल्टांवरसुद्धा आपली खूण उमटवलीच.

पण बोल्ट काय, कुठूनही येतो. म्हणून आम्ही चॅसीचा पुढचा आडवा दांडा पाहिला. विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा उपड्या पन्हळीसारखा. आमचा पन्हळीचा निघाला.

दादा ऐकेना. "बाबांनी विलीज घेतली होती," एवढेच म्हणून आत गेला. जन्मभर वर्गात 'पुरावा काय?' विचारणारी मी, त्याच्यापुढे गप्प बसले.

चेपलेले मडगार्ड भाच्याने ठोकून सरळ केले. जुने बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून पुन्हा तेच बसवले. बॉनेटवर बाबांनी रंगवून घेतलेले नाव मात्र खरवडले गेले आहे, आणि तिथे काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही.