सत्तावन्नाव्या वर्षीचे शिखर

चाळिशी उलटली की आपल्याकडे बाईला दोन गोष्टी न मागता मिळतात : चष्मा आणि सल्ला. आता जिने कमी चढा, आता जड उचलू नका, आता गडावरच्या देवीला पायथ्यावरूनच नमस्कार करा. सांगणारी माणसे प्रेमाचीच असतात, आणि गुडघ्यांचे दुखणेही काही खोटे नसते. पण ज्या वयात हा सल्ला सुरू होतो, त्याच वयात जिने कडे चढावयास खरी सुरुवात केली अशा एका बाईची हकीकत यंदा मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावी असे मनात आले. बाई अमेरिकेतील. नाव अ‍ॅनी स्मिथ पेक.

पेकबाईंचा जन्म १९ ऑक्टोबर १८५० रोजी प्रॉव्हिडन्स शहरी झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. भाऊ गावातल्या ब्राउन विद्यापीठात शिकले, पण त्या विद्यापीठाचे दार मुलींना बंद होते. तेव्हा पेकबाईंनी शाळेत शिकविण्याची नोकरी धरली. पुढे मुलींना प्रवेश देणाऱ्या मिशिगन विद्यापीठात जाण्याचा त्यांनी हट्ट धरला. या वयात आता कॉलेज कशाला, असे वडिलांचे म्हणणे. जो मार्ग मुलांना योग्य तो मुलीला अयोग्य का, असे त्यांनी वडिलांना पत्रातून विचारले, आणि १८७८ साली ग्रीक भाषेची पदवी घेतली. पुढे त्या लॅटिन शिकवू लागल्या. १८८५ साली अथेन्स येथील अमेरिकन अभ्यास-शाळेत प्राचीन विद्येच्या अभ्यासासाठी गेल्या. तेथे प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. युरोपच्या याच प्रवासात त्यांनी स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न पाहिला. खडकाचा तो उभा सुळका एकदा डोळ्यांत भरला तो भरलाच. पण तो चढावयास आणखी दहा वर्षे गेली, कारण पोट हातावर होते. नोकरी सोडून व्याख्याने द्यावयाची, मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवावयाची, आणि शिल्लक पडेल त्यात पर्वत चढावयाचे, असा त्यांचा संसार.

१८९५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्या मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचल्या. उंची १४,७०० फुटांच्या आतबाहेर. हा पर्वत स्त्रीने चढणे काही नवे नव्हते. लूसी वॉकर नावाच्या इंग्रज बाई १८७१ सालीच तेथे जाऊन आल्या होत्या, त्याही लांब झग्यात. पेकबाईंनी मात्र झगा घातलाच नाही. गुडघ्याखाली आवळलेली विजार, जाड मोजे आणि वर सदरा, अशा वेषात त्या गेल्या. वर्तमानपत्रांत शिखरापेक्षा विजारीचीच चर्चा अधिक झाली! आपल्या आज्या-पणज्या नऊवारीचा कासोटा घालून शेतात राबल्या, गड चढल्या, घोड्यावरही बसल्या. पाय मोकळे असल्याशिवाय काम होत नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पाश्चात्यांकडे मात्र एवढ्या साध्या गोष्टीसाठी बाईला बोल लावून घ्यावा लागला.

या बोभाट्याचा एक फायदा झाला. व्याख्यानांना गर्दी होऊ लागली. १८९७ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या मदतीने मेक्सिकोतील पोपोकातेपेत्ल आणि ओरिसाबा हे ज्वालामुखी पर्वत त्यांनी चढले. मग मनाने घेतले की, अमेरिका खंडात जेथे अजून कोणाचेच पाऊल पडलेले नाही अशा उंच ठिकाणी जावयाचे. १९०३ साली बोलिव्हियातील इयाम्पू. सोबतची मंडळी पुढे जाईनात, परत. १९०४ साली पुन्हा तेथेच, पुन्हा परत. त्याच साली आणि नंतर १९०६ साली पेरू देशातील हुआस्कारान, तेथूनही परत. प्रत्येक वेळी पैसे जमविण्यात महिने जात. देणगीदार विचारीत, पर्वतावर हमाल ऐकत नसत, आणि वय तर पन्नाशीच्या पुढे सरकतच होते. माझ्या मते पेकबाईंच्या चरित्राचा हाच भाग सर्वांत कठीण. बर्फावर निदान दोर तरी असतो.

१९०८ साली मासिकांत लेख देण्याच्या बोलीवर काही पैसा उभा राहिला, आणि रुडॉल्फ टाउगवाल्डर व गाब्रिएल झुमटाउगवाल्ड या दोन स्विस वाटाड्यांना घेऊन त्या युंगाय गावाहून निघाल्या. (ह्याच गावावर ३१ मे १९७० रोजी भूकंपाने हुआस्कारानच्या उत्तर शिखराचा बर्फ आणि खडक कोसळला, आणि सारे गाव गाडले गेले.) २ सप्टेंबर १९०८ रोजी तिघे उत्तर शिखराशी पोहोचले. त्या वेळी पेकबाईंचे वय सत्तावन्न.

माथा थोडासाच राहिला असता त्या उंची मोजावयास थांबल्या. पाणी किती उष्णतेला उकळते यावरून उंची काढण्याचे यंत्र त्यांच्यापाशी होते. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेला उकळते. उंच डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही म्हणतात ती यामुळेच. पण वारा इतका की दिवाच पेटेना. या खटपटीत वेळ गेला, आणि तेवढ्यात रुडॉल्फ पुढे जाऊन एकटाच माथा गाठून आला. इतक्या वर्षांची पायपीट बाईंची आणि पहिले पाऊल दुसऱ्याचे! त्यांना मनस्वी राग आला, पण राग गिळून त्या माथ्यावर गेल्या.

उतरताना अंधार पडला. बर्फाच्या घसरड्या उतारावर बाई अनेकदा घसरल्या. दोराने आणि गाब्रिएलच्या खंबीरपणाने वाचल्या. रुडॉल्फचे हातमोजे मात्र वर हरवले होते. हिमदंशाने त्याच्या डाव्या हाताचा बहुतेक भाग, उजव्याचे एक बोट आणि एका पायाचा अर्धा भाग गेला. बाईंच्या कीर्तीची एवढी किंमत एका कष्टकरी माणसाने आपल्या शरीराने दिली, हे सांगितल्यावाचून ही हकीकत सांगता येत नाही. पेरू सरकारने बाईंना सुवर्णपदक दिले, आणि पुढे त्या शिखरालाही त्यांचे नाव देण्यात आले; पण हात गमावलेला वाटाड्या हातानेच पोट भरणारा होता.

उंची मोजली गेली नाही, त्याचे पुढे मोठे रामायण झाले. पेकबाईंचा अंदाज असा की शिखर कदाचित २४,००० फूटही भरेल. म्हणजे जगात एवढ्या उंचीवर दुसरी कोणी स्त्री गेलेली नाही. हे ऐकून फॅनी बुलक वर्कमन या दुसऱ्या अमेरिकन बाई खवळल्या. वर्कमनबाईंची आपल्या देशाशी चांगली ओळख होती. १८९७ नंतर त्या पतीसह सायकलवरून हिंदुस्थानभर हिंडल्या होत्या, आणि १९०६ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, लडाखकडील नून-कून पर्वतातील पिनॅकल शिखर त्यांनी चढले होते. ते सुमारे २२,७०० फूट. आपला मान जातो असे पाहून त्यांनी फ्रेंच मोजणीदार पेरूला धाडले आणि तेरा हजार डॉलर खर्चून हुआस्कारानची मोजणी करविली. उत्तर शिखर भरले २१,८१२ फूट. वर्कमनबाई जिंकल्या. एक सत्तावन्न-अठ्ठावन्नची, दुसरी पन्नाशीची. भांडण कशाचे, तर उंच कोण गेले याचे! त्या तेरा हजारांत पेकबाईंच्या किती मोहिमा झाल्या असत्या, हा हिशेब गृहिणीच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

गंमत अशी की दोघींची मागणी एकच होती. १९११ साली, साठाव्या वर्षी, पेकबाईंनी पेरूमधील कोरोपुना पर्वताच्या एका शिखरावर ‘स्त्रियांना मताधिकार द्या’ असे लिहिलेले निशाण लावले. पुढच्याच वर्षी सियाचेनच्या हिमप्रवाहावर वर्कमनबाईंनी त्याच अर्थाचा फलक हाती धरून छायाचित्र काढून घेतले. अमेरिकेत हा अधिकार देशभर मिळाला १९२० साली.

आपल्याकडेही आता अशा स्त्रिया आहेत. जमशेटपूरच्या प्रेमलता अगरवाल २०११ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेल्या. तोवर तेथे गेलेल्या भारतीय स्त्रियांत त्या वयाने सर्वांत मोठ्या. त्यांना वाट दाखविणाऱ्या बचेंद्री पाल यांनी २०२२ साली पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची तुकडी घेऊन अरुणाचलापासून कारगिलपर्यंत हिमालयाच्या रांगा पायी तुडविल्या. सुमारे पाच महिने लागले. निघताना त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. तुकडीत नागपूरच्या बिमला नेगी-देवस्करही होत्या.

पेकबाईंनी लग्न केले नाही, धनही साठविले नाही. एकोणऐंशीव्या वर्षी विमानातून दक्षिण अमेरिकेची फेरी सुरू केली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. ब्याऐंशीव्या वर्षी न्यू हॅम्पशायरमधील मॅडिसन हा पाच हजार फुटांवरचा डोंगर चढल्या. तो त्यांचा शेवटचा पर्वत. १९३५ साली, चौऱ्याऐंशी वर्षांच्या असताना, जगप्रवासास निघाल्या. अथेन्सला, जेथे पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून राहिल्या होत्या, तेथील अ‍ॅक्रॉपोलिसची टेकडी चढताना त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना न्यूयॉर्कला परत आणले. १८ जुलै रोजी तेथे त्यांचे देहावसान झाले.