पवनी : वैनगंगेवरील नदीउतार आणि सीमेचा प्रश्न

नागपूरच्या आग्नेयेस, भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या तीरावर पवनी हे प्राचीन नगर वसलेले आहे. तीन बाजूंस मातीचा तट व खंदक आणि चौथ्या बाजूस नदीचे पात्र अशी त्याची रचना आहे. नदी येथे संरक्षणाचे साधन आहे, तसाच तो उतारही आहे. अशा स्थळास ‘सीमानगर’ म्हणण्याचा मोह सहज होतो. तथापि ही सीमा कोणाची व केव्हाची, याचा निर्णय पुराव्यावरूनच केला पाहिजे.

या प्रश्नास चालना मिळाली ती येथील एका स्तंभामुळे. त्यावरील ब्राह्मी लेखात महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या ‘छायास्तंभा’चा उल्लेख आहे. त्यावरून विदर्भाच्या या भागावर काही काळ क्षत्रपांचा अंमल असावा, असे अनुमान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. याच नगरात भार राजा भगदत्त याचा शिलालेख आणि सातवाहनांची नाणीही मिळाली आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत या स्थळाशी एकाहून अधिक सत्तांचा संबंध आला, एवढे यावरून निश्चित होते.

परंतु छायास्तंभ हा मृताचे स्मारक होय, सीमास्तंभ नव्हे. तो मृत व्यक्तीची स्मृती सांगतो. राज्याची मर्यादा सांगत नाही. क्षत्रपांच्या सत्तेचे अनुमान त्यावरून संभाव्य ठरले, तरी केवळ त्याच्या आधारे सीमारेषा आखता येणार नाही.

नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननाने या विचारास निराळी दिशा दिली. जगन्नाथ टेकडी येथे विटांचा बौद्ध स्तूप, मुचलिंद नागाचे शिल्प आणि दात्यांची नावे कोरलेले वेदिकेचे अवशेष उघडकीस आले. हा स्तूप रूपिअम्माच्या स्तंभाहून शतकांनी प्राचीन आहे. म्हणजे क्षत्रपांचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच येथे दान देण्याइतका संपन्न उपासकवर्ग नांदत होता.

यावरून क्रम उलटा मांडणे अधिक सयुक्तिक ठरते. सीमेमुळे पवनीस महत्त्व आले नाही. नदीउतारामुळे लोक येथे एकत्र आले, नगर समृद्ध झाले आणि त्या समृद्धीमुळेच सत्तांचे लक्ष त्याकडे वेधले गेले असावे. राजकुले बदलली, उतार मात्र आपल्या जागी राहिला.