यंत्राखालची बैठक : घरगुती लेथचा दुर्लक्षित इतिहास

लेथचा इतिहास सांगताना आपण बहुधा हेन्री मॉडस्लेच्या स्लाइड रेस्टपाशी थांबतो. आज जरा खाली बघू, अगदी जमिनीपर्यंत. हे यंत्र उभं कशावर होतं?

अठराव्या शतकात बहुतेक लेथचा बेड लाकडी असे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण हत्यार कारागिराच्या हातात होतं, त्यामुळे बेडची चूक हात सांभाळून घ्यायचा. मॉडस्लेनं हत्यार सरकत्या पकडीत घट्ट बसवलं आणि सांभाळून घेणारा हातच गेला! आता बेड वाकडा, तर काम वाकडं. म्हणून १८०० च्या सुमाराचं त्याचं स्क्रू कापायचं लेथ धातूचं आहे. लंडनच्या सायन्स म्यूझियममध्ये ते जपून ठेवलंय. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला आणि यंत्रांसाठी पोकळ, पेटीसारखे बीडाचे सांगाडे वापरले. कारण साधं आहे. नुसत्या पुठ्ठ्याला सहज पीळ बसतो, बंद खोक्याला बसत नाही.

हे झालं कारखान्यांचं. घरात काय होतं? एकोणिसाव्या शतकात लंडनची होल्ट्झॅप्फेल कंपनी श्रीमंत हौशींसाठी लेथ बनवायची. ती पायानं चालायची, आपल्या शिलाई मशीनसारखी. म्हणजे स्टँड हाच यंत्राचा भाग होता, कारण चाक आणि पायडल त्यातच बसवलेलं. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शलनं ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिक सुरू केलं आणि हा छंद साध्या माणसांपर्यंत पोचला. पुढे विजेची मोटर आली, पायडल गेलं. १९४६ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनहून मायफर्डचं एमएल-७ बाजारात आलं. हे छोटं लेथ घरातल्या बाकावरही बसवता यायचं. आता स्टँड कसा करायचा, हा प्रश्न घेणाऱ्याचा झाला.

आणि इथंच जुनी चूक परत आली. तिपाई कुठंही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं. त्या टेबलाचे पाय फरशीला बोल्टनं आवळले, तर डुगडुगणं थांबतं खरं, पण ते जातं कुठं? टेबलात पीळ होऊन बसतं. त्यावरचं लेथही मग पिळलं जातं. बीड कितीही जाड असो, पीळ बसतोच. मग सरळ कातलेला दांडा एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक निघतो. माणूस म्हणतो, यंत्रच खराब. कित्येकांनी चांगली यंत्रं अशीच विकून टाकली असतील.

उपाय फार खर्चाचा नाही. स्टँड जड करा, आडवे-तिरपे आधार द्या, म्हणजे थरथर कमी होईल. बेड पाणसळीनं तपासा. मग चकमध्ये जाडसर दांडा धरा, दुसरं टोक मोकळं ठेवा आणि दोन्ही टोकांजवळ एकाच सेटिंगवर हलका काप घ्या. मापं वेगळी आली, तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पत्र्याचं पातळ पॅकिंग घाला, बोल्ट आवळा आणि पुन्हा कातून बघा. फरक वाढला, तर पॅकिंग दुसऱ्या पायाखाली.

मॉडस्लेनं अचूकपणा हातातून काढून यंत्रात ठेवला, असं आपण म्हणतो. माझं म्हणणं एवढंच, की तो तिथंही थांबला नाही. तो बैठकीत उतरला, आणि ती बैठक आजही घरच्या माणसालाच करावी लागते. इथं थांबतो.