इरावती

गोमतीपलीकडच्या महानगर वसाहतीतील आमच्या बिऱ्हाडी गेल्या श्रावणात मुलीचे बारसे झाले. 'इरावती' हे नाव पत्नीने सुचविले. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा. पण पुण्याहून आलेल्या अक्काच्या कपाळाला आठी पडली. नदीचे नाव मुलीला ठेवू नये, असे तिचे म्हणणे. त्याला आधार नाही असे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष वा नदी यांची नावे धारण करणारी वधू वर्ज्य सांगितली आहे. महाराष्ट्राने हे फारसे मनावर घेतले नाही, हा भाग निराळा.

शब्द प्राचीन आहे. 'इरा' म्हणजे जल, अन्नरस. गायींनी संपन्न ती गोमती, तशी इरेने संपन्न ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात हे नदीचे नाव नव्हे. द्यावापृथिवींचे ते विशेषण आहे. पुढे परुष्णी, म्हणजे आजची रावी, हीच इरावती असे यास्कांनी निरुक्तात नोंदविले. ग्रीकांनी तिला हायड्राओटीस म्हटले. भारतीय संस्कृतीबरोबर हे नाव पूर्वेकडे गेले आणि ब्रह्मदेशातील महानदीस लागले.

मराठी घरात ते तेथून परतले. गणेश हरि करमरकर हे नोकरीनिमित्त ब्रह्मदेशात असताना १९०५ साली मिंज्यान येथे त्यांना कन्या झाली. तिला त्यांनी तेथल्या नदीचे नाव दिले. याच पुढे 'युगान्त'कर्त्या डॉ. इरावती कर्वे. परमुलुखात राहणाऱ्या बापाने त्या मुलखाचे पाणी मुलीच्या नावात घ्यावे, हे मला फार जवळचे वाटते. बदलीची नोकरी करणाऱ्यासच ते कळेल. त्यांच्या सासूबाई आनंदीबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह होण्यापूर्वी गोदूबाई होत्या. म्हणजे सासूही नदी आणि सूनही नदी! मनूचे तेथे काय चालणार?

आणि आमची इरावती तरी परकी कोठे आहे? लखनौच्या ईशान्येस श्रावस्तीजवळून राप्ती वाहते. पाली ग्रंथांतील अचिरवती ती हीच. 'राप्ती' हा इरावतीचाच अपभ्रंश, असे काही पंडित मानतात.

हे सारे मी अक्काला सांगितले. ती यास्कांविषयी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, आपली आजी गोदावरीच ना रे?" आणि पाळण्यावर वाकली.