दुकानदाराचे दफ्तर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी कोरी चोपडी मांडायची, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, वर फूल वाहायचे, ही आपल्या पेढ्यांची जुनी रीत. पण गेल्या वर्षीच्या चोपडीचे पुढे काय होते, याची चौकशी कोणी करीत नाही. ती फडक्यात बांधून माळ्यावर जाते; मग वाळवी, उंदीर आणि रद्दीवाला यांच्यापैकी जो आधी पोचेल त्याची ती होते.

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल उभे राहतात. सनदा, महजर, तहनामे आठवतात. खाटा, टेबले आणि पडदे विकणाऱ्याच्या कागदांनाही इतिहासात जागा असते, हे चटकन पटत नाही. म्हणून आज एका अशाच दुकानदाराच्या दफ्तराची गोष्ट सांगावी म्हणतो. दुकान स्वीडनचे आहे. पण २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला त्याने आपली दालने उघडली, तेव्हा त्याचे निळेपिवळे नाव वाचकांच्या ओळखीचे असेलच. ते दुकान म्हणजे आयकिया.

स्वीडनच्या दक्षिणेला स्मोलांड नावाचा प्रांत आहे. जमीन खडकाळ, शेती बेताची, माणसे काटकसरी. तेथे १९२६ साली इंग्वार काम्प्राड जन्मला. लहानपणीच आत्याच्या मदतीने स्टॉकहोमहून काड्यापेट्या घाऊक भावाने मागवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या सुट्या विकण्याचा उद्योग त्याने केला. १९४३ साली, सतराव्या वर्षी, त्याने आपली पेढी नोंदवली. स्वतःच्या नावातली दोन अक्षरे, एल्मटारिड या आपल्या शेताचे एक आणि अगुन्नारिड या गावाचे एक, अशी चार अक्षरे जोडून तिचे नाव झाले. सुरुवातीला विक्रीला होती फौंटनपेने, पाकिटे, तसबिरींच्या चौकटी. मागणी टपालाने यायची आणि गावचे दूध नेणाऱ्या गाडीतून पुडकी स्टेशनावर जायची. फर्निचर आले ते १९४८ साली आणि पहिले मोठे सूचिपत्र निघाले १९५१ साली. त्याच्या मुखपृष्ठावर एक भारदस्त आरामखुर्ची आहे. आतला मजकूर त्या काळी मालक स्वतःच लिहीत असे.

हीच सूचिपत्रे या दफ्तराचा कणा आहेत. एल्महुल्ट या गावी १९५८ साली जे पहिले मोठे भांडार उघडले, त्याच इमारतीत २०१६ साली कंपनीने संग्रहालय थाटले. १९५१ पासूनची सगळी सूचिपत्रे आता कोणालाही फुकट चाळता येतात. एके काळी वर्षाला वीस कोटी प्रती छापल्या जाणाऱ्या या पुस्तकाचा शेवटचा अंक २०२१ सालचा. ते बंद केल्याची घोषणा झाली २०२० च्या डिसेंबरात, म्हणजे तुर्भ्याचे दालन उघडले त्याच महिन्यात.

सत्तर वर्षांची ती पाने ओळीने उलटावीत आणि घर नावाची वस्तू कशी बदलत गेली ते पाहावे. आरंभी बैठकीची खोली म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेला दरबार. जड लाकूड, नक्षी, उंच पाठीच्या खुर्च्या. मग हळूहळू पाय बारीक होतात, नक्षी जाते, पांढऱ्या पाइनचे साधे लाकूड येते. मुले जमिनीवर लोळू लागतात. जेवणाचे टेबल आणि अभ्यासाचे टेबल एक होते. १९७९ साली 'बिली' नावाचे पुस्तकांचे कपाट येते आणि ते पुढे जगभर पोचते. काम्प्राडला अक्षरे आणि आकडे वाचताना घोटाळा होई, म्हणून वस्तूंना क्रमांकांऐवजी नावे दिली: कोचांना गावांची, पडद्यांच्या कापडांना बायकांची. मालकाची एक अडचण आणि त्यातून जगभरच्या घरांत शिरलेली ही स्वीडिश बारशी!

पण दफ्तराचा खरा उपयोग दंतकथा तपासायला होतो. आयकियाची लाडकी दंतकथा अशी: १९५६ साली पानाच्या आकाराचे, तीन पायांचे एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा गिलिस लुंडग्रेन या नोकराने त्याचे पाय काढले आणि सुट्या भागांच्या फर्निचराचा जन्म झाला. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यामागे आणखी कारणे होती. टपालाने पाठवलेला माल वाटेत मोडे आणि त्याची भरपाई पेढीला सोसावी लागे. दुसऱ्या एका टपाली दुकानाशी भाव पाडण्याची चढाओढ लागून माल निकृष्ट होऊ लागला, तेव्हा लोकांनी माल डोळ्यांनी पाहावा म्हणून १९५३ साली एल्महुल्टला प्रदर्शनगृह उघडले. मग स्वीडनमधल्या इतर फर्निचरवाल्यांनी बहिष्कार घातला आणि कारखानदारांना दटावले. यामुळे काम्प्राडला स्वतःचे नमुने आखावे लागले आणि १९६१ पासून पोलंडमध्ये माल करून घ्यावा लागला. शिवाय सुट्या भागांची कल्पना त्याच्याही आधीची. थोनेट या कारखानदाराची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची सुटी करून घनमीटरभर खोक्यात छत्तीस मावत. श्रेय एका माणसाला देणे सोपे असते. कागद मात्र ते वाटून द्यायला लावतात.

दंतकथेपेक्षा अवघड गोष्ट पुढेच आहे. १९९४ साली स्वीडनच्या एका वृत्तपत्राने उघड केले की, तरुणपणी काम्प्राड पेर एंगडाल या फॅसिस्ट पुढाऱ्याच्या चळवळीत होता. जर्मनीहून आलेल्या आजीच्या हाताखाली तो वाढला होता आणि ती हिटलरची चाहती होती. काम्प्राडने नोकरांना पत्र लिहून ही आपल्या आयुष्यातली मोठी चूक असल्याचे कबूल केले. प्रकरण संपले असे वाटले. पण २०११ साली एलिसाबेथ ओस्ब्रिंक या लेखिकेने दाखवून दिले की, स्वीडनच्या गुप्त पोलिसांनी त्याच्यावर एक फाइल उघडली होती आणि ती १९४३ सालची होती. ज्या वर्षी पेढीचे नाव नोंदवले गेले, त्याच वर्षी पोलिसांच्या कागदांवरही ते मालकाचे नाव आले!

त्या लेखिकेचे पुस्तक मुळात निराळ्याच मुलाविषयी आहे. ओटो उलमन हा ज्यू मुलगा १९३९ साली तेरा वर्षांचा असताना व्हिएन्नाहून एकटा स्वीडनला आला. त्याचे आईबाप मागे राहिले आणि पुढे नाझींच्या छळछावणीत मारले गेले. त्यांची मुलाला आलेली पाचशेहून अधिक पत्रे मात्र शिल्लक राहिली. हा ओटो पुढे काम्प्राडांच्या शेतावर कामाला लागला आणि इंग्वारचा जिवलग मित्र झाला. एकाच माणसाच्या मनात ती चळवळ आणि ही मैत्री शेजारी शेजारी कशी नांदली, हे कोणते सूचिपत्र सांगणार? ते कळले पोलिसांच्या फाइलीतून आणि एका आईबापाच्या पत्रांतून.

पुढे २०१२ साली आणखी एक पान उलटले. पूर्व जर्मनीतल्या कारखान्यांत आयकियासाठी राजकीय कैद्यांकडून माल करून घेतला जात असे, असा आरोप झाला. कंपनीने चौकशी बसवली. स्वतःचे आणि जर्मन सरकारचे हजारो कागद तपासून घेतले आणि आरोपात तथ्य असल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. २०२४ साली तिच्या जर्मन शाखेने त्या कैद्यांसाठीच्या निधीला साठ लाख युरो देण्याचे कबूल केले. वृद्ध झालेल्या कैद्यांच्या तक्रारीला वजन आले, त्यात या जपून राहिलेल्या कागदांचाही वाटा होता.

त्याच २०१२ सालचे सौदी अरेबियातले सूचिपत्र इतर देशांतल्या प्रतीशेजारी ठेवावे. एका प्रतीत स्नानगृहात मुलाजवळ आई उभी आहे. दुसऱ्या प्रतीत आईची जागा रिकामी आहे. कंपनीने याबद्दलही खेद व्यक्त केला. पण एकच प्रत जपली असती तर कोणी काही पुसले आहे, हे पुढच्या पिढीला कळलेच नसते.

आपल्याकडे गोदरेज उद्योगसमूहाने २००६ साली आपल्या कागदांसाठी स्वतंत्र दफ्तरखाना उभारला. कितीतरी घरांत उभ्या असलेल्या त्या पोलादी कपाटांचा इतिहासही अशाच ठिकाणी सापडायचा. पण गावोगावच्या सुतारांच्या, भांडीवाल्यांच्या, कापडवाल्यांच्या वह्यांचे काय? त्यांत नफ्याबरोबर उधारी आहे, फेडलेली आणि बुडालेलीही. आपल्या आज्यांच्या संसारात पहिले स्टूल केव्हा आले आणि किती हप्त्यांत, हे त्याच सांगू शकतील.

यंदा नव्या चोपडीवर कुंकू वाहताना चिमूटभर जुनीवरही वाहावे. आणि कोरडी जागा पाहून ती नीट ठेवावी. तिच्यात आपल्या अडचणीचे एखादे पान असेल, तरीही.