घाटातला ताप आणि हमीचा कागद

खोपोलीत आमच्या अब्बांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याचा हौद, कोळशाची शेगडी आणि कथिलाच्या पट्ट्यांनी भरलेला एक डबा. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या सुमाराला घाटातून एखादा क्लीनर धावत खाली यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "चाचा, गाडी उकळली!" अब्बा हातातलं काम ठेवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "पाणी ओतलंस का वरनं?" ओतलं असेल तर ते कपाळाला हात लावत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं की बीड तडकतं. मग ते काम रेडिएटरवाल्याचं राहत नाही.

आज मी सांगणार आहे ती गोष्ट आमच्या घरातली आहे. पण ती नीट कळायला घाटाचा आणि गाडीच्या पाण्याचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

बोरघाटातून चाकाच्या वाहनांचा रस्ता १८३० साली खुला झाला. तेव्हा जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. हा रस्ता बैलगाड्यांसाठी आणि घोड्यांच्या बग्ग्यांसाठी होता. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत थोड्याशा अंतरात सुमारे पाचशे मीटर चढायचं असतं. बैल दमला की थांबतो, हे त्या रस्त्याने गृहीत धरलं होतं. इंजिन दमलं की काय करायचं, हा प्रश्न शंभरएक वर्षांनी आला. वाटेत शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर, मग ते हिंदू असोत, मुसलमान असोत की सरदारजी, तिथे नाणं टाकूनच पुढे जात. अब्बा हसून म्हणायचे, "नाणं टाका, पण आधी फॅन बेल्ट बघा."

खोपोलीच्या पाण्याचीही एक गंमत आहे. टाटांचं जलविद्युत केंद्र इथे १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत जातं. नळातून घाट उतरून आलेलं पाणी आमच्या गावातले ट्रकवाले रेडिएटरमध्ये भरून पुन्हा घाटावर नेत. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं.

डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातली ढोबळ मानाने तिसरा हिस्सा गाडी ओढायला कामी येते. तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली पाण्याला व हवेला वाहून न्यावी लागते. अगदी सुरुवातीच्या मोटारींत पाणी नुसतं उकळून वाफ होऊ देत आणि नवं ओतत. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी डायम्लर कंपनीच्या नव्या गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. हजारो बारीक नळ्या, त्यांच्या मधून खेळणारी हवा, आणि मागे पंखा. आमच्या अब्बांचं पोट चाललं ते या माणसाच्या डोक्यातून निघालेल्या जाळीवर. मी हे त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "भला माणूस. पण बोअरिंगचं पाणी बघितलं नसेल त्याने." जड पाण्याचा क्षार त्या नळ्यांत भाकरीसारखा जमतो. टाक्या उघडून, प्रत्येक नळीत पातळ पट्टी घालून तो खरवडायचा. हे त्यांचं अर्धं आयुष्य.

आपल्याकडे डिझेल ट्रकचं युग खऱ्या अर्थाने १९५४ नंतर आलं. त्या वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला. तो १९६९ पर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो, मद्रासकडचे लेलँड हेही रस्त्यावर होते. यंत्रं चांगली होती, पण त्यांची मूळ आखणी थंड मुलखातली. इथे मे महिन्याचं ऊन, क्षमतेपेक्षा जास्त माल, आणि चढाला पहिला-दुसरा गिअर. गाडीचा वेग इतका कमी की समोरून वारा जवळजवळ नाहीच, सगळा भार पंख्यावर. त्यात घाटमाथ्यावर पाणी शंभर अंशांना नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण घट्ट असेल तर आतला दाब वाढतो आणि उकळण्याचा बिंदू वर सरकतो. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर ती सवलतही जाते. दोन-चार रुपयांच्या रबरापायी इंजिन गेलेलं मी पाहिलं आहे.

अब्बा शिकलेले नव्हते, पण त्यांचं निदान ऐकण्यासारखं असे. गाडी फक्त चढालाच तापते की सपाटीलाही? फक्त चढाला तापत असेल तर हवा बघा, म्हणजे पंखा, बेल्ट आणि जाळीत अडकलेला कचरा. सगळीकडे तापत असेल तर पाण्याचा पंप बघा. वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार असेल तर पाणी फिरत नाही. पाणी कमी होतं, पण गळती दिसत नाही? मग ऑइल बघा, दुधासारखं झालंय का. शेवटची परीक्षा सकाळची. गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढायचं, इंजिन चालू करायचं आणि तोंडाशी पाण्यात बघत राहायचं. बुडबुडे सतत येत राहिले तर हेडचं गॅस्केट फुटलंय, जळलेला वायू पाण्यात घुसतोय. अशा वेळी रेडिएटर कितीही साफ करा, उपयोग नाही.

एका बाबतीत मात्र ते चुकत, आणि त्यांच्याबरोबर त्या पिढीचे कितीतरी उस्ताद चुकत. थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा वॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, गरम झाल्यावर उघडतो. अब्बांचं म्हणणं, हा थंड देशासाठी आहे, आपल्याकडे नुसता अडथळा. गाडी तापायची तक्रार आली की ते तो काढून टाकत. आता कळतं की अनेक इंजिनांत हा वॉल्व उघडताना दुसरी एक आडवाट बंद करतो. वॉल्वच काढला तर ती आडवाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत येतं. सपाटीला गाडी गरजेपेक्षा थंड आणि घाटात आणखी गरम. काढलेले वॉल्व अब्बा बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत. डबा भरत आला होता.

१९९६ साली माझ्या मोठ्या भावाने, भाईने, कर्ज काढून नवा ट्रक घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. भाई स्वतः चालवायचा, सोबत एक क्लीनर. वर्षभराची वॉरंटी होती. चौथ्या महिन्यात गाडी घाटात तापू लागली. भाईने ती अधिकृत वर्कशॉपला दोनदा नेली. त्यांनी बेल्ट ताणून दिला, जाळी धुतली आणि जॉब कार्डावर 'सर्वसाधारण तपासणी' एवढंच लिहिलं. तापण्याचा उल्लेख नाही. भाईनेही सही केली. इंग्रजी कागद, कोण वाचतो?

तिसऱ्यांदा गाडी उकळली ती आमच्या दुकानापासून दोन किलोमीटरवर. अब्बांनी सवयीने वॉल्व काढला. चार दिवसांनी गाडी पुन्हा उकळली. मग त्यांनी सकाळची परीक्षा घेतली आणि बुडबुडे दिसले. गॅस्केट. वर्कशॉपने इंजिन पाहिलं, वॉल्व जागेवर नाही हे त्यांना पहिल्यांदा दिसलं, आणि पत्र आलं की वाहनात छेडछाड झाल्यामुळे वॉरंटी लागू नाही. हप्ते थांबत नव्हते. भाईने उधारी करून खोपोलीतच हेड उतरवलं, घासून सपाट करून घेतलं आणि नवं गॅस्केट टाकलं. जुनं गॅस्केट भंगारात गेलं.

घरात बी.ए. झालेला मी एकटा. ग्राहक मंचाचा अर्ज मी लिहिला. मराठीत लिहिला आणि चांगला लिहिला, असं तेव्हा वाटलं होतं. त्यात बुडबुडे होते, हप्ते होते, बंद पडलेले दिवस होते. वॉल्व नव्हता.

कंपनीच्या वकिलांचा पहिला मुद्दा वेगळाच होता. ट्रक धंद्यासाठी घेतला, म्हणून हा ग्राहकच नव्हे. इथे कायद्याचा इतिहास आमच्या कामी आला. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला होता. १९९३च्या दुरुस्तीने स्पष्टीकरण जोडलं की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी माल घेतला असेल तर तो व्यापारी हेतू नव्हे. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या दाव्यात उदाहरणच दिलं की जो स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेतो, तो ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. त्या दाव्यात यंत्र घेणारा स्वतः हरला, पण निकालपत्रातल्या त्या दोन-चार ओळींनी घाटातल्या ड्रायव्हरला कायद्यात जागा दिली. आमच्या वकीलसाहेबांनी तो निकाल वाचून दाखवला आणि मंचाने भाईला ग्राहक मानलं. त्या संध्याकाळी भाईने आम्हाला फलाटावर वडापाव खाऊ घातला.

दुसरा मुद्दा दोषाचा. वॉरंटी या शब्दाबद्दल आपला मोठा गैरसमज असतो. १९३०च्या मालविक्रीच्या कायद्यात 'अट' आणि 'वॉरंटी' यांत फरक केला आहे. अट मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. वॉरंटी ही दुय्यम हमी, ती मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. आणि भरपाई मागायची तर दोष दाखवावा लागतो. मंचाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येत होती, पण पाठवणार काय? गॅस्केट भंगारात गेलेलं. हेड वाकडं होतं म्हणून गॅस्केट फुटलं, की गाडी तापली म्हणून हेड वाकलं, हे हेड घासल्यावर कोणालाच सांगता येईना.

अब्बांचं शपथपत्र बुडबुड्यांपुरतं होतं. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "थर्मोस्टॅट कोणी काढला?" वकीलसाहेबांनी आधी सांगून ठेवलं होतं की 'आठवत नाही' म्हणा. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी काढला साहेब. तीस वर्षं काढतोय. पण बुडबुडे त्याच्याने नाही येत."

१९९९ साली तक्रार फेटाळली गेली. पुढच्या वर्षी भाईने ट्रक विकला आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. अब्बांना तो कधीच काही बोलला नाही. मला बोलला, एकदाच. "अर्जात लिहायला हवं होतंस. आधीच सांगितलं असतं, तर निदान बुडबुड्यांवर तरी बोलणं झालं असतं."

२०१९चा नवा कायदा आला तरी स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याचा तो अपवाद कायम आहे. मंचाला आता आयोग म्हणतात. नव्या ट्रकांत पाण्याचं तापमान संगणक टिपून ठेवतो. जॉब कार्डावर मात्र अजूनही माणूसच लिहितो. ट्रक घेणाऱ्या मुलांना मी सांगतो की तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर टाकून घ्या, त्याशिवाय सही करू नका. आणि उतरवलेला भाग भंगारात देऊ नका.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात अब्बांनी शेगडीवर ॲल्युमिनियमचं एक पातेलं ठेवलं. बिस्किटाच्या डब्यातला एकेक वॉल्व तारेला बांधून ते उकळत्या पाण्यात सोडत आणि उघडतो का ते बघत. न उघडणारे फेकले, उघडणारे पुसून वेगळे ठेवले. कोणी ड्रायव्हर "चाचा, वॉल्व काढा" म्हणाला की त्याला शेगडीपाशी बसवून म्हणायचे, "थांब जरा, पाणी तापू दे. बघ, उघडतोय."